कॉव्हेंट्री कॅथेड्रलमधलं सगळं काम नक्की कुणाकुणाचं आहे?

बर्मिंगहॅमवाली:
शनिवारी दुपारी इथे इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री कॅथेड्रलमध्ये (मोठं चर्च) क्वायर, म्हणजे चर्चचा गायकवृंद, ऐकायला गेले होते, जागा मिळाली एकदम मागे. समोर ती हिरवी भलीमोठी टॅपेस्ट्री (विणलेलं भिंतचित्र), मागे उजवीकडे एक रंगीत खिडकी, पण बाकी दोन्ही भिंती बघाव्यात तर नुसता दगड. गाणं संपल्यावर वेदीपर्यंत चालत गेले, सहज मागे वळून बघितलं आणि अंगावर काटा आला, त्याच भिंती वरपासून खालपर्यंत रंगांनी भरलेल्या! हे मुद्दाम केलंय का? आणि सगळं एकाच आर्टिस्टचं आहे का?

वसईचा_टेनर:
मुद्दामच. आर्किटेक्ट बेसिल स्पेन्सने भिंती करवतीच्या दात्यांसारख्या केल्या आणि खिडक्यांची तोंडं वेदीकडे ठेवली, त्यामुळे लोकांना पुढे बघताना त्या दिसतच नाहीत, पण उजेड मात्र वेदीवर पडतो. आमच्या क्वायरला तिथे एकदा गायला मिळालं होतं, लोकांकडे तोंड करून उभं राहिलो तर दहाच्या दहा खिडक्या समोर, पहिल्या दोन ओळी मी गायलोच नाही, बघत राहिलो. खिडक्या लॉरेन्स ली, कीथ न्यू आणि जेफ्री क्लार्क या तिघांच्या, रंग माणसाच्या आयुष्याच्या टप्प्यांप्रमाणे बदलतात, हिरवा तारुण्याचा आणि शेवटी सोनेरी.
टॅपेस्ट्री ग्रॅहम सदरलँडची, फ्रान्समध्ये फेलेतँला एकाच तुकड्यात विणलेली, जवळजवळ २३ मीटर उंच. तिच्यावरच्या ख्रिस्ताच्या पावलांमध्ये एक माणूस उभा आहे तो बघितलास का? तो खऱ्या माणसाएवढा आहे, म्हणजे बाकीचं केवढं असेल बघ.

काचकाम:
मागची उजवीकडची खिडकी बाप्तिस्म्याच्या कुंडामागची. डिझाइन जॉन पायपरचं, पण काच प्रत्यक्ष घडवली पॅट्रिक रेन्टिन्सने, आणि त्याचं नाव लोक विसरतात याचं मला फार वाईट वाटतं. चित्रकाराने कागदावर केलेला रंग काचेत उतरवणं ही वेगळीच कला आहे, मी स्वतः काचेचं काम करते म्हणून सांगते. समोरचं कुंड म्हणजे बेथलेहेमजवळून आणलेला धोंडा.
तू बसलीस तिथे पाठीमागे काचेची अख्खी भिंत होती, त्यावरचे संत आणि देवदूत जॉन हटनने स्वतःच्या हाताने फिरत्या चाकाने कोरलेत. त्यातून पलीकडे जुन्या चर्चचे अवशेष दिसतात, १४ नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळालेलं ते.

वसईचा_टेनर:
अजून एक नाव राहिलं, राल्फ बायर. भिंतींवरच्या दगडात कोरलेली बायबलची वचनं त्याची, अक्षरं मुद्दाम लहानमोठी, हाताने लिहिल्यासारखी. बायर मूळचा जर्मन, त्याची आई ऑश्विट्झच्या नाझी छळछावणीत मेली. जर्मन बॉम्बने जळालेल्या चर्चच्या शेजारी त्याच्या हातची ती अक्षरं. आणि तिथेच ३० मे १९६२ ला संगीतकार बेंजामिन ब्रिटनचा 'वॉर रेक्विएम' (युद्धातल्या मृतांसाठीची संगीतरचना) पहिल्यांदा झाला तेव्हा इंग्लिश टेनरसोबत (उंच पट्टीचा पुरुष गायक) जर्मन बॅरिटोन (त्याहून खालच्या पट्टीचा) गायला होता. मला हे दोन्ही एकत्रच आठवतं.

बर्मिंगहॅमवाली:
अरे ती वचनं मी वाचलीच नाहीत, तशीच पुढे निघून गेले. पुढच्या महिन्यात आईबाबा येतायत नाशिकहून, त्यांना घेऊन जाते. कार्यक्रम नसेल त्या दिवशीच जाते म्हणजे सगळीकडे नीट फिरता येईल. किती वाजता जाऊ, उजेड कधी चांगला असतो?

काचकाम:
सकाळी लवकर जा, पायपरच्या खिडकीत ऊन येतं तेव्हा. आईबाबांना आधी काही सांगू नकोस, वेदीपर्यंत ने आणि मग मागे वळून बघा म्हण.