मध्ययुगीन कपड्यांना मार्क कसे द्यायचे?

प्रश्न: मध्ययुगीन हस्तकलेच्या मेळाव्यात पहिल्यांदाच जज म्हणून बसतेय. एकीचा झगा दिसायला भारी पण आतल्या शिवणी सगळ्या मशीनच्या, दुसरीचा पूर्ण हातशिवणीचा पण जरा वेडावाकडा. जास्त मार्क कुणाला?

उत्तर १: आधी झगा कसा बनवला हे लिहून तिने सोबत दिलेला माहितीचा कागद वाच. मशीन वापरल्याचं तिने स्वतःच लिहिलं असेल तर मार्क फार कापू नकोस, लपवलं असेल तर बिनधास्त काप. आणि झगा उलटा करून बघच, खरं काम आतून कळतं.

उत्तर २: रंगाचंही विचार. मंजिष्ठेच्या मुळांचा लाल असेल तर रंग पक्का बसायला तुरटी किती घातली, पाणी किती गरम ठेवलं हे स्वतः रंगवणारी धडाधड सांगते. कृत्रिम जांभळा १८५६ चा शोध, तो चौदाव्या शतकाच्या नावावर कसला खपवतात!

उत्तर ३: शेरा नीट लिही गं, नुसतं ‘छान’ वाचून डोकं फिरतं.