मदत हवी आहे: बहुसांस्कृतिकता आणि शिक्षण, पीएचडी कोणत्या विभागातून?

कॅनडात पीएचडीसाठी अर्ज करतेय. संशोधनाचा प्रश्न असा: मुलांच्या शिक्षणावरचा अल्पसंख्य समाजाचा हक्क कुठे थांबावा? आधार १९७२चा अमेरिकी ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ निकाल (आमिश या ख्रिस्ती पंथातल्या मुलांना आठवीनंतर शाळेची सक्ती नाही) आणि कॅनडाचे राजकीय तत्त्वज्ञ विल किमलिका यांनी ‘अंतर्गत निर्बंध’ (समाजाने स्वतःच्याच सदस्यांवर घातलेली बंधनं) व ‘बाह्य संरक्षण’ (बहुसंख्याकांच्या निर्णयांपासून त्या समाजाचं रक्षण) यांत केलेला फरक. तुलनेला आपल्या राज्यघटनेचं कलम ३० (अल्पसंख्याकांचा शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क).

संभाव्य मार्गदर्शकांना प्रस्ताव पाठवला. तत्त्वज्ञानवाले म्हणतात, कायद्याचा तपशील कमी करा. शिक्षणशास्त्रवाले विचारतात, शाळांतलं क्षेत्रकार्य कुठे आहे? मला युक्तिवादावरच काम करायचंय, मुलाखतींवर नाही, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. शिष्यवृत्तीशिवाय जाणं शक्य नाही.

एमए आणि नेट दोन्ही राज्यशास्त्रात आहेत, त्यामुळे किमान पात्रतेची अडचण नाही. परत येऊन महाराष्ट्रातच शिकवायचंय. पीएचडी शिक्षणशास्त्र विभागातून घेतली, तर राज्यशास्त्राच्या सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीत तिचे गुण ‘संबंधित विषय’ म्हणून धरतात का?