पाढे पाठ आहेत पण लिहिताना सगळा घोळ, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मुलगा तिसरीत आहे, इथे फोंड्याजवळच्या सरकारी मराठी शाळेत. पाढे येत नाहीत अशातला भाग नाही, सातचा पाढा झोपेतून उठवून विचारला तरी घडाघडा म्हणेल. पण मधलंच सात नव्वे किती विचारलं की गाडी परत सात एके सातपासून सुरू, बोटं मोजत मोजत नव्वेपर्यंत येणार.

आणि खरी गंमत पुढे आहे. परवा तोंडाने बरोब्बर त्रेसष्ट म्हणाला आणि वहीत लिहिलं ३६. मी म्हटलं अरे हे काय, तर म्हणे "आई, त्रे म्हणजे तीन ना, मग तीन आधी." आता यावर काय बोलणार! एकोणपन्नासला तर ५९ लिहून मोकळा.

त्यात ट्यूशनची टीचर सेव्हन नाइन्स आर सिक्स्टी थ्री शिकवते, सासूबाई कोंकणीत मोजतात. नवऱ्याचं म्हणणं, नाहीतरी पाचवीपासून सगळं इंग्रजीतच आहे तर आत्ताच पाढे इंग्रजीत करून टाक. मला ते पटत नाही, बे त्रिक सहाला जो ठेका आहे तो त्यात नाही (माझ्या आजोबांना पावकी, निमकी, दिडकी म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढेसुद्धा सगळे पाठ होते, ते जाऊ दे).

पण तोच मुलगा सकाळी पोदेर (पाववाला) आला की पाच रुपयाला एक तर आठ पावांचे चाळीस हे बोटं न मोजता सांगतो. चवथीला (गणेश चतुर्थीला) नेवऱ्या (करंज्या) पेपरवर ओळीत मांडल्या होत्या, सहाच्या सात ओळी, लांबूनच बेचाळीस म्हणाला. मग वही समोर आली की काय होतं? चार्ट फ्रिजवर लावून झालाय, तिकडे बघतसुद्धा नाही. मोठा झाला की येईल हे कृपया सांगू नका, ते घरात रोज ऐकते.

प्रतिसाद:
ताई, भाषा बदलू नका. घोळ पाढ्यात नाहीच, आकड्यांच्या नावांत आहे. आपण बोलताना एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो, मुलाचं लॉजिक बरोबरच आहे. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात वीस एक, साठ तीन घातलं ते याचसाठी, केवढा गदारोळ झाला होता. तुम्ही नाव तेच ठेवा, फक्त लिहायच्या आधी "त्रेसष्ट, म्हणजे साठ आणि तीन" असं मोठ्याने म्हणायला लावा. एकोण म्हणजे एक उणा, पन्नासला एक कमी, हे त्याला कुणी सांगितलंय का?

आणि उलटसुलट विचारायचे गुणाकार फार नाहीत हो. सात आठी आणि आठ साती एकच, त्यातून १, २, ५, १० चे काढले की दहापर्यंत फक्त २१ उरतात. पत्त्यांएवढे कागद कापा, रोज तीनच विचारा, चौथा नको.

धागाकर्ती:
खूप आभार, एकोणचं कुणीच सांगितलं नव्हतं, मीही नाही. चार दिवसांत एकोणपन्नास सुधारलं, त्रेसष्ट अजून कधी कधी उलटं पडतं. फक्त आता सगळीकडे एकोण लावतोय, आज पोदेराकडे एकोणदहा पाव मागितले. त्याने दहा दिले.