बालकल्याण समितीने ताबा नाकारला, दाद कुठे मागायची?

ज्वारीचं_कणीस
ऊसतोड कुटुंब आहे. मूळ गाव बीड जिल्ह्यात, सध्या टोळीबरोबर कोल्हापूरकडे. ९ वर्षांचा मुलगा पुणे स्टेशनवर एकटा सापडला आणि बालकल्याण समितीने (सांभाळाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) त्याला बालगृहात पाठवलं. आईवडिलांचा ताब्याचा अर्ज फेटाळला. कुणी म्हणतं कलेक्टरकडे जा, कुणी म्हणतं थेट हायकोर्ट. आदेश होऊन तीन आठवडे झालेत.

नक्कल_अर्ज
म्हणजे हातात जेमतेम नऊ दिवस आहेत. बालन्याय कायदा २०१५, कलम १०१ : आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील. वेगळं बाल न्यायालय नसेल तिथे सत्र न्यायालय. समिती पुण्याची असेल तर अपीलही पुण्यात, बीडला नाही.

कलेक्टरकडे अपील जातं ते प्रतिपालकत्व (मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं) आणि प्रायोजकत्वाच्या (मुलासाठी आर्थिक मदत) आदेशांवर. समितीच्या कारभाराची तक्रारही तिथे करता येते (कलम २७), पण त्यामुळे अपिलाची मुदत थांबत नाही. लोक इथेच फसतात.

आजच नकलेचा अर्ज द्या : आदेश, रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद), सामाजिक तपासणी अहवाल (गृहभेट घेऊन केलेली कुटुंबाची चौकशी). आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्याच. नक्कल उशिरा मिळाली तर विलंब माफीच्या अर्जाला तोच शिक्का लावायचा. आदेश हातात आला की सह्या मोजा. अंतिम निर्णयाला किमान तीन सदस्य हजर लागतात.

कोपीवरचा
मुदत महत्त्वाचीच, पण खरी गोम अहवालात असते. गृहभेटीला माणूस आधारवरच्या पत्त्यावर जातो, हंगामात घराला कुलूप. अहवालात एक ओळ पडते, 'घर बंद, पालक आढळले नाहीत', आणि सगळा आदेश त्या ओळीवर उभा राहतो. अपिलात नुसतं 'आमचं मुलावर प्रेम आहे' लिहून ही ओळ पुसली जात नाही.

ऊसतोडीच्या तळाचा (मुक्कामाच्या जागेचा) सध्याचा पत्ता, टोळीवर असल्याचं मुकादमाचं पत्र, गावातल्या रहिवासाचा पुरावा, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाइड आणि मुलाबरोबरचे जुने फोटो जोडा. सगळ्यात वजनदार कागद पुढच्या व्यवस्थेचा : मूल हंगामात कुठे राहणार, कुठे शिकणार. गावात आजी असेल तर तिचं हमीपत्र, जिल्हा परिषदेच्या हंगामी वसतिगृहात जागा असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र.

तिसरी_तारीख
अपिलाआधी कलम १०४ बघा. मूल कुठे आणि कुणाकडे ठेवायचं हे समिती अर्जावरून स्वतः बदलू शकते. नवे कागद आले असतील तर हा रस्ता बरेचदा लवकर सुटतो. प्रकरण बीडच्या समितीकडे वर्ग करा अशी मागणीही (कलम ९५) वेगळ्या अर्जात घाला. गृहभेट मग तिथलीच माणसं करतील.

नक्कल_अर्ज
'आधी' नको, 'सोबत' म्हणा. १०४ चा निकाल येईपर्यंत ३० दिवस उलटतात.

हायकोर्ट नंतर. सत्र न्यायालयाच्या अपिली आदेशावर दुसरं अपील नाही, कलम १०२ खाली पुनरीक्षण (खालच्या आदेशाची हायकोर्टाकडून तपासणी) आहे. समितीचा आदेश उभा असताना हेबियस कॉर्पस (बेकायदा अडकवलेल्याला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका) सहसा टिकत नाही.

वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. अपिलात आईचं नाव पहिलं ठेवा, कारण स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

ज्वारीचं_कणीस
वडिलांनी बालगृहात एका कागदावर अंगठा दिलाय. मजकूर वाचून दाखवला नव्हता.

तिसरी_तारीख
त्या कागदाची प्रत उद्याच मागा. भेटीच्या रजिस्टरची नोंद असेल तर काळजी नाही. समर्पणपत्र (मूल कायमचं समितीच्या हवाली केल्याचा कागद) निघालं तर कलम ३५ प्रमाणे फेरविचाराला दोन महिने मिळतात. त्या मुदतीत दोघांच्या सहीचा, अंगठ्याचा लेखी नकार समितीकडे आवक करा. तोंडी सांगितलेलं रोजनाम्यात येत नाही.