मदत हवी आहे: कागदाच्या घड्या, चंद्र अन् माझं क्रेडिट कार्ड

भाऊ लोकं, नववीतल्या पोरीनं काल डोकं खाल्लं, म्हणे बाबा कागद 42 वेळा दुमडला तर चंद्राच्या पलीकडे जातो. मी म्हटलं काहीतरीच काय सांगून राहिली! मग नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या ओट्यावर बसून पेपरचं पान दुमडलं, सहाव्या घडीलाच बोटं दुखली, सातवी काही बसेना. मग कॅल्क्युलेटरवर कागदाची जाडी 0.1 मिमी धरून दुप्पट दुप्पट करत गेलो, 10 घड्यांना जेमतेम 10 सेंमी, 20 ला 105 मीटर अन् 42 ला चक्क 4,39,804 किमी, चंद्र तर सरासरी 3,84,400 वरच आहे ना बाप्पा!

तसंच माझ्या कार्डाचं, महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42 धरून बसलो होतो, व्याजावर व्याज लावलं तर 51 च्या वर निघते. 21 महिन्यांत उधारी डबल. (बायकोला अजून सांगितलं नाही.)

आता हे सुरुवातीला एवढं मुकाट दिसते अन् मग एकदम भडकते कसं, हे पोरीला लॉग-बिग न वापरता कसं समजवू? अन् दुप्पट व्हायचा काळ काढायला 72 लाच टक्क्यानं का भागतात, 70 ला का नाही? शनिवारी ती परत विचारणार आहे.