जुळ्यांना एकाच वेळी अंगावर पाजताना कसं बसायचं?

माझी जुळी ५ आठवड्यांची आहेत, सिझेरियन झालंय. एकाला पाजून होईपर्यंत दुसरी रडून लाल होते, रात्री तर माझी झोपच होत नाही. दोघांना एकदम घेतलं की टाक्यांवर भार येतो आणि पाठ मोडते. कुणी केलंय का?

उत्तर १: हो गं, मी केलंय. फुटबॉल होल्ड कर, म्हणजे दोन्ही काखांखाली एकेक बाळ, पाय तुझ्या पाठीकडे, त्यामुळे टाक्यांवर वजन येतच नाही. दोन्ही बाजूंना घट्ट उशा किंवा घडी घातलेली गोधडी लाव, बाळ छातीपर्यंत वर यायला हवं, तू खाली वाकायचं नाही, पाठ तिथेच जाते. आधी ज्याला स्तन तोंडात नीट धरता येत नाही त्याला लाव, मग दुसऱ्याला. मानेला आधार दे, डोकं मागून दाबू नकोस. सुरुवातीला आई किंवा सासूबाई हाताशी असू देत.

उत्तर २: मला एक काखेत आणि एक मांडीवर आडवं, हे जास्त जमलं. बाजू मात्र आलटून पालटून दे. आणि दिवसाला प्रत्येक बाळाचे ६-८ लंगोट ओले होतायत ना, मग दूध पुरतंय, काळजी करू नकोस.

प्रश्नकर्ती: खूप आभार, आज रात्रीच गोधडी लावून बघते.