प्रारूप विकास योजनेत काळी बागायत पिवळ्या पट्ट्यात: हरकत कशी लिहावी?

पाटाखालची_शेती:
पुणे जिल्ह्यातल्या आमच्या नगरपरिषदेची प्रारूप विकास योजना महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम २६ खाली प्रसिद्ध झाली आहे. हरकतींना ३० दिवस आहेत. पाटपाण्याखालची सलग काळी जमीन रहिवासी विभागात (नकाशावरचा पिवळा पट्टा) टाकली आहे आणि गावठाणामागचा मुरमाड उतार हिरवा, म्हणजे शेती विभागात, ठेवला आहे. घरं लागणारच, त्याला विरोध नाही. पुण्यात भाडं परवडेना म्हणून माणसं इकडे सरकताहेत. शेतकऱ्यांतही दोन तट आहेत; काहींना भावासाठी पिवळा पट्टा हवाच आहे. हरकतीत नेमकं काय मांडलं तर हरकती ऐकणाऱ्या समितीला विचार करावा लागेल? मालक नसलेल्यांना हरकत घेता येते का?

नकाशा_आणि_तक्ता:
नुसतं ‘शेती वाचवा’ लिहिलेला अर्ज एका ओळीत निकाली निघतो. लोक रंगीत नकाशा पाहून परत येतात, पण खरं काम अहवालात आहे. प्रस्तावित वापराच्या नकाशासोबत विद्यमान जमीन वापराचा नकाशा आणि अहवालाची प्रत मागा. अहवालात लोकसंख्येचा अंदाज आणि क्षेत्रफळाचा तक्ता असतो.

मग साधा हिशेब करा. समजा, आज वस्ती ४०,००० आहे आणि २० वर्षांनी ६०,००० धरली आहे. म्हणजे वाढ २०,००० माणसांची. रस्ते, शाळा, बागा धरून हेक्टरी १२५ माणसं बसवली तर १६० हेक्टर पुरतात. आराखड्यात नवा पिवळा पट्टा ४०० हेक्टरचा असेल, तर उरलेले २४० हेक्टर कोणासाठी, हा तुमचा पहिला मुद्दा. शिवाय जुन्या पिवळ्या पट्ट्यात किती प्लॉट रिकामे पडले आहेत तेही मोजा. सहसा खूप असतात.

हरकत जमिनीच्या गट क्रमांकानुसार लिहा. प्रत्येक गटाला पीकपाहणीच्या नोंदींसह ७/१२, पाटबंधारे उपविभागाचा लाभक्षेत्राचा (जमिनीला कालव्याचं पाणी मिळतं याचा) दाखला आणि गटाच्या हद्दीवर उभं राहून काढलेले तारखेचे फोटो जोडा. विद्यमान वापराच्या नकाशात तीच जमीन ‘पड’ दाखवली असेल तर ती चूक आधी पकडा, कारण पुढचा सगळा प्रस्ताव त्या नकाशावर उभा असतो.

आणि पर्याय द्या. ‘इथे नको’ म्हटलं तर ‘मग कुठे’ हे समिती विचारतेच. मुरमाड उतार सुचवायचा तर चढ आधी तपासा. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम बसत नाही. १:५०,००० च्या सर्वेक्षण नकाशावर २० मीटर अंतराच्या समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषा असतील, तर दोन रेषांमधलं अंतर २ मिलिमीटरपेक्षा कमी भरलं की तो तुकडा बाद.

ओढ्याची_वाट:
वरच्यात एक भर. तालुका भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा घ्या आणि आराखड्यावर ठेवून पाहा. गाव नकाशात दिसणारा ओढा आराखड्यात मध्येच गायब होतो किंवा सरळ रेघ होऊन रस्त्याच्या कडेला जातो, हे फार वेळा घडतं. ७/१२ वर पोटखराबा, म्हणजे लागवडीलायक नसलेली जागा, किती आहे तेही पाहा. ओढ्याची जागा बहुतेक तिथेच लपलेली असते. मोठ्या नदीला जलसंपदा विभाग निळी आणि लाल पूररेषा आखून देतो, पहिली २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी १०० वर्षांतल्या. लहान ओढ्यांना अशा रेषा बहुधा नसतात, आणि धोका तिथेच वाढतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याच्या पुराने पुण्यात काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. काळ्या जमिनीवर काँक्रीट आलं की तिथे मुरणारं पाणी त्याच ओढ्यात उतरणार, हे हरकतीत स्पष्ट लिहा.

गुंठा_नको:
मला वाटतं इथे सगळे रंगावर जास्तच भरवसा ठेवताहेत. जमीन हिरव्या विभागात राहिली म्हणून वाचत नाही. पेट्रोल पंप, मंगल कार्यालय, फार्महाऊस यांना तिथेही अटींवर परवानगी मिळते. त्याहून वाईट म्हणजे गुंठेवारी. एका एकराचे ४० गुंठे. त्यातले रस्त्याला जेमतेम १० फूट सोडून बाकी विकले जातात, ७/१२ वर दहा-पंधरा सामाईक नावं चढतात. ना गटार, ना मोकळी जागा. अग्निशमनाची गाडी आत वळत नाही. पुढे नियमितीकरण येतं, २००१ चा कायदा त्यासाठीच आहे. पिवळा पट्टा आवळला आणि स्वस्त घराची सोय कुठेच केली नाही, तर मागणी याच वाटेने काळ्या जमिनीत शिरते.

म्हणून हरकतीत गावठाणाला लागून नगररचना योजना मागा. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, बाग, शाळा, लहान घरांची जागा काढायची आणि उरलेले आखीव प्लॉट मालकांना परत द्यायचे. म्हाळुंगे-माणला पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) सुमारे २५० हेक्टरवर हीच पद्धत घेतली. जमीन कमी होते पण प्रत्येकाला रस्त्यावरचा प्लॉट मिळतो, त्यामुळे पिवळा पट्टा हवा असलेल्या तटाशीही बोलता येतं.

टीडीआरच्या, म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या, आश्वासनावर मात्र विसंबू नका. लहान गावात तो विकत घेणारा बिल्डरच नसतो. पुण्यातही जैवविविधता उद्यानाच्या टेकड्यांना ८ टक्के टीडीआर ठरला, तो मालकांना पुरेसा वाटला नाही आणि प्रश्न लोंबकळत राहिला.

माळरान:
‘शेती वाचवा, माळ घ्या’ असा सरसकट पर्याय देऊ नका, ही कळकळीची विनंती. महसुली नोंदीत पड किंवा गायरान दिसणारा माळ म्हणजे ओसाड जागा नव्हे. चिंकारा, लांडगा, गवतात घरटी करणारे पक्षी याच गवतावर जगतात. बारामती तालुक्यातल्या सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य साधारण पाच चौरस किलोमीटरचं आहे, बाकी जनावरं अशाच विखुरलेल्या माळांवर असतात. मेंढपाळांच्या वाटाही त्यातूनच जातात. गावठाणाला चिकटलेला, आधीच खाणीने किंवा मुरूम उपशाने उकरलेला तुकडा सुचवा. सलग गवताळ माळ सुचवू नका.

पाटाखालची_शेती:
मुद्दा पटला. मुरूम काढलेले दोन गट आहेत, तेच पर्यायात घालतो. मालकीचं काय?

नकाशा_आणि_तक्ता:
हरकत कोणीही घेऊ शकतं, मालक असण्याची अट नाही. कलम २८ खालच्या समितीत नगरपरिषदेचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. बोलायला चार-पाच मिनिटं मिळतात, म्हणून गट क्रमांक रंगवलेला एकच नकाशा पुढे ठेवा आणि त्यावर बोट ठेवून बोला. एकाच मजकुराच्या ५०० छापील अर्जांपेक्षा वेगवेगळ्या गट क्रमांकांच्या २० हरकती जड जातात, कारण समितीला प्रत्येकीवर शिफारस लिहावी लागते. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, अर्जावर टपालाचा पूर्ण पत्ता लिहा. सुनावणीची नोटीस त्याच पत्त्यावर येते.